रान कुणाचे, वणवा कुणाचा?

होळी उलटली की गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरीच्या आसपासच्या रानांत, रात्री तांबड्या रेघा दिसू लागतात. इटियाडोहच्या जलाशयापासून गडचिरोलीच्या हद्दीपर्यंत पसरलेल्या या पानझडी जंगलात मार्च-एप्रिलमध्ये वाळल्या पानांचा थर साचलेला असतो. त्याला एक ठिणगी पुरते. दुसऱ्या दिवशी पंचनामा होतो आणि वृत्तपत्रात चार ओळी येतात : 'अज्ञात इसमाने' लावलेल्या आगीत अमुक कक्षातील जंगल जळाले. हा अज्ञात इसम मोठा चिवट दिसतो. इंग्रजांच्या अमदानीत तो होता. मध्य प्रांत गेला, मुंबई राज्य आले, महाराष्ट्र झाला, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तरी तो काही सापडत नाही. कागदावर अज्ञात असला तरी अधिकाऱ्यांच्या बोलण्यात त्याचा चेहरा मात्र ठरलेला असतो : मोहफुले वेचणारी बाई, तेंदूपत्ता तोडणारा मजूर, गुरे राखणारा पोरगा.

अलीकडे या इसमाला एक साथीदार मिळाला आहे. त्याचे नाव हवामानबदल. गरिबाचे अज्ञान आणि आकाशाचा कोप, असे दोन आरोपी उभे केले की तिसऱ्याची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. तिसरा आरोपी म्हणजे रानाची मालकी आणि त्या मालकीवर पोसला गेलेला व्यापार. वणव्याच्या प्रश्नाला हात घालायचा तर सुरुवात या तिसऱ्यापासून केली पाहिजे.

शास्त्र काय सांगते

आगीला तीन गोष्टी लागतात असे वनशास्त्र सांगते : जळण, अनुकूल हवा आणि ठिणगी. केशोरीच्या रानात साग, ऐन, धावडा, बिजा, मोहा, तेंदू, बांबू यांची पानगळ हिवाळ्याच्या अखेरीस सुरू होते, ते जळण. उन्हाने व कोरड्या वाऱ्याने ते तापते, ती हवा. ठिणगी मात्र बहुतांशी माणसाच्या हातून पडते. इथली आग शेंड्याशेंड्याने धावणारी नसते, ती जमिनीलगत सरपटते. जुनी जाड सालीची झाडे तिच्यातून वाचतात. मरतात ती रोपे. दरवर्षी आग गेली की रोपाचा अंकुर वर येतो, जळतो, पुन्हा मुळापासून फुटतो आणि पुन्हा जळतो. रान हिरवे दिसत राहते, पण म्हाताऱ्या झाडांच्या मागे तरुण पिढी उभी राहत नाही. चारोळी, हिरडा, बेहडा यांची नवी झाडे धरत नाहीत. उघड्या पडलेल्या जमिनीवर घाणेरी आणि रानतुळस माजते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच वाळून जळण बनते.

परंतु प्रत्येक आग सारखी नसते, हेही शास्त्रच सांगते. फेब्रुवारीत, दव असताना, लहान तुकड्यात लावलेली थंड आग आणि मे महिन्यात शेकडो एकरांवर मोकाट सुटलेली आग यांत फार अंतर आहे. इंग्रज वनाधिकाऱ्यांनी मध्य प्रांतात १८६० च्या दशकात सातपुड्यातील बोरीच्या रानापासून आगबंदीचा प्रयोग सुरू केला, तेव्हा आग म्हणजे निखळ शत्रू अशी त्यांची श्रद्धा होती. ब्रह्मदेशातील सागवनांत आणि उत्तरेकडील सालवनांत अनुभव उलटा आला. आग पूर्ण थांबवली की काही ठिकाणी साग-सालाचे पुनरुज्जीवनच अडखळते, असे त्यांच्याच अधिकाऱ्यांना आढळले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हंगामाच्या आरंभी नियंत्रित जाळण्याला खात्याने हळूहळू मान्यता दिली. कर्नाटकात बिळीगिरी रंगन डोंगरातील सोलिग आदिवासी पूर्वी हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याची हलकी आग लावत. १९७४ मध्ये अभयारण्य झाले आणि ती प्रथा बंद पाडण्यात आली. पुढे घाणेरीने रान व्यापले, त्याचा संबंध सोलिग या बंदीशी जोडतात, आणि काही संशोधकांनीही ते म्हणणे गंभीरपणे घेतले आहे. तेव्हा आग असावी की नसावी, एवढाच प्रश्न नाही. केव्हा, कुठे, किती आणि कुणाच्या निर्णयाने, हा प्रश्न आहे. यातील शेवटच्या शब्दापाशी शास्त्र थांबते आणि राजकारण सुरू होते.

एका हंगामाचा मालक

महाराष्ट्रात तेंदूपत्त्याच्या व्यापारावर राज्याचे नियंत्रण १९६९ च्या कायद्याने आले. जंगलाचे युनिट पाडायचे, हंगामापूर्वी लिलाव करायचा, ठेकेदाराने रक्कम भरायची, मे महिन्यात पाने तोडून फळीवर जमा करायची, ही त्याची रीत. ठेकेदाराचा त्या रानाशी संबंध एका हंगामाचा. पुढच्या वर्षी ते युनिट त्याच्याकडे राहीलच असे नाही. अशा माणसाला रानाच्या पंचवीस वर्षांनंतरच्या प्रकृतीची चिंता का वाटावी? त्याला हवे असते एकच : मे महिन्यात कोवळे, मऊ, न फाटलेले पान भरपूर यावे. त्यासाठी तेंदूच्या झुडपांची खुटकटाई करावी लागते. ती मजुरी देऊन माणसांकडून करून घेतली तर खर्च येतो. एका काडीचा खर्च मात्र शून्य. आग गेली की जुने खुंट जळतात आणि मुळापासून नवी पालवी जोमाने फुटते.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातला विद्यार्थीसुद्धा याचा निष्कर्ष सांगू शकेल. ज्या कृतीचा लाभ एकाला आणि हानी दुसऱ्याला, ती कृती उपदेशाने थांबत नाही. खुटकटाईची वाचलेली मजुरी ठेकेदाराच्या खिशात जाते. जळालेली चारोळी, करपलेली टेंभरे, गुरांचा नाहीसा झालेला चारा, पहिल्या पावसात उघड्या उतारावरून वाहून धानाच्या बांधीत येणारी माती, हे सारे गावाच्या वाट्याला. शासनाला स्वामित्वधन मिळाले की त्याचा हिशेब मिटतो. जळालेल्या रोपांचा रकाना कुठल्याच ताळेबंदात नाही.

मग काडी ओढणारा हात कुणाचा? तो पुष्कळदा गावातल्याच गरिबाचा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुड्यामागे मजुरी मिळणाऱ्या कुटुंबाला चांगले पान आले तर दोन पैसे अधिक मिळतात. मोहाच्या झाडाखालचा पाचोळा जाळला की पहाटे टपटपलेली फुले झटकन वेचता येतात; पाचोळा झाडून काढायला वेळ लागतो, आणि घरी धान संपत आलेले असते. हा हात दारिद्र्याने हलतो. त्याला 'वनशत्रू' म्हणणारे लोक खुटकटाई टाळून वाचलेल्या पैशाचा माग कधी काढत नाहीत. उपग्रह पेटलेले ठिकाण दाखवतो. त्या ठिणगीमागचा करार तो दाखवू शकत नाही.

आग विझवणारा हातही त्याच गरिबाचा असतो. ८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात, याच गोंदिया जिल्ह्यात, वणवा विझवताना तीन हंगामी मजूर जळून मेले आणि काही जण गंभीर भाजले. व्याघ्र प्रकल्प म्हणून २०१३ मध्ये जाहीर झालेल्या आणि देशभरच्या पर्यटकांना परिचित असलेल्या जंगलाचे रक्षण शेवटी रोजंदारीच्या माणसांच्या अंगावर पडले होते. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा अग्निहंगाम मानला जातो. चार महिन्यांचा हंगाम, चार महिन्यांचा रोजगार आणि आयुष्यभराची जोखीम! कारखान्यात भट्टीजवळ काम करणाऱ्या कामगारासाठी निदान कायद्याचे पुस्तक असते. रानातल्या भट्टीसमोर झाडाच्या हिरव्या फांदीने आग झोडपणाऱ्याचा कामगार म्हणून उल्लेख करायलाही आपली कामगार चळवळ विसरते.

शिक्षा सामूहिक, मालकी सरकारी

या व्यवस्थेचे मूळ १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांत आहे. १९२७ च्या कायद्याचे कलम २६ राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरवते. त्याबद्दल तक्रार नाही. पण याच कलमात पुढे अशी तरतूद आहे, की हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर त्या जंगलातील चराईचे व वनोपजाचे हक्क शासन काही काळ स्थगित करू शकते. म्हणजे काडी एकाची आणि उपास साऱ्या गावाला. कलम ७९ त्याहून बोलके आहे. ज्यांना जंगलातून काही घेण्याची मुभा आहे, त्यांनी आग दिसताच खबर दिली पाहिजे आणि ती विझवायला मदत केली पाहिजे. कर्तव्य गावाचे, अधिकार खात्याचा आणि उत्पन्न तिजोरीचे, अशी ही सुबक वाटणी आहे.

अशा वाटणीला लोकांनी कसे उत्तर दिले, याचा इतिहास कार्यकर्त्यांना ठाऊक असावा. १९२१ मध्ये कुमाऊंमध्ये राखीव जंगलांविरुद्धचा असंतोष वणव्यांच्या रूपाने पेटला. लोकांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळलेले रान सरकारी झाल्यावर जाळले, कारण ते आता त्यांचे उरले नव्हते. त्या असंतोषातूनच पुढे १९३१ च्या नियमांनी वनपंचायती आल्या. आपल्याकडे १९३० मध्ये जंगल सत्याग्रह झाला. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला गोळीबार झाला आणि माणसे पडली. स्वातंत्र्य आले, पण १९२७ चा कायदा राहिला. १९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातील मालगुजारी व जमीनदारी संपली. त्यांच्या ताब्यातील जंगले शासनाकडे आली आणि निस्तारहक्क हळूहळू कागदावरून पुसट होत गेले. मालगुजार गेला आणि त्याच्या खुर्चीवर परिक्षेत्र अधिकारी बसला. सार्वजनिक आणि सरकारी हे दोन शब्द समाजवाद्यांनीच एकमेकांच्या जागी वापरावेत, ही आपल्या विचारातली जुनी ढिलाई आहे. जनतेच्या नावाने असलेल्या संपत्तीत जनतेला शिरायला परवाना लागत असेल, तर ती सार्वजनिक संपत्ती नव्हे. ती फक्त मोठ्या मालकाची खाजगी जमीन होय.

हवामानबदलाची ढाल

हवामानबदल खोटा आहे असे कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण मार्च २०२२ चा ठरला. फेब्रुवारीचा असाच विक्रम २०२३ मध्ये नोंदला गेला आणि २०२५ मध्ये तो पुन्हा मोडला. हिवाळा लवकर संपतो याचा रानातला अर्थ असा, की दव लवकर ओसरते, पाचोळा लवकर वाळतो आणि वणव्याचा हंगाम पुढे-मागे लांबतो. ज्या दिवसांत पूर्वी हलकी आग आपोआप विझत असे, त्या दिवसांत ती आता पसरते. भारतीय वन सर्वेक्षणाने नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या हंगामात उपग्रहाच्या साहाय्याने देशभर ३,४५,९८९ ठिकाणी आगी टिपल्या. त्यांपैकी ३४ हजारांहून अधिक महाराष्ट्रात होत्या. २०२३-२४ च्या हंगामात देशाचा आकडा २,०३,५४४ होता. देशातील वनाच्छादनाचा ३६ टक्के भाग वारंवार आग लागण्याच्या धोक्यात आहे, असे याच संस्थेचे म्हणणे आहे.

वर्षागणिक आकडे एवढे खालीवर होतात ते पुष्कळदा हवेमुळे. तापमान वाढले म्हणून ठिणगी पडत नाही. पडलेली ठिणगी अधिक दूर जाते. म्हणूनच ठिणगीमागची अर्थव्यवस्था बदलण्याची निकड तापत्या जगात वाढते. सत्ताधारी याचा नेमका उलटा अर्थ लावतात. हवामान जागतिक असल्यामुळे स्थानिक जबाबदारी कुणाचीच नाही, असे ते सुचवतात. ज्याने आयुष्यात विमान पाहिले ते डोक्यावरून जाताना, त्या केशोरीच्या मजुराला 'आपण सारे जबाबदार' या वाक्यात ओढले जाते. या 'आपण'मध्ये कोळसा जाळणारा आणि पाचोळा जाळणारा एकाच रांगेत उभे केलेले असतात.

ही ढाल फक्त इथेच वापरली जाते असे नाही. अमेरिकेत १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि किमान ८५ माणसे मेली. त्या धक्क्यातून तिथल्या वनसेवेने आगीविरुद्ध युद्ध पुकारले. १९३५ मध्ये तर असा दंडक घातला, की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे. मूळ रहिवाशांची पाचोळा जाळण्याची रीत गुन्हा ठरली. कॅलिफोर्नियातील वनशास्त्रज्ञ हॅरोल्ड बिस्वेल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात सांगायला सुरुवात केली, की थंड हंगामातली छोटी आग रोखलीत तर जळण साचेल आणि पुढे मोठी आग येईल. त्यांची तेव्हा टवाळी झाली. १९७० च्या दशकात धोरण बदलले, परंतु तोवर अनेक दशकांचे जळण साचले होते, आणि पुढे त्याला तापत्या हवेची जोड मिळाली. आता पुढचा अंक पाहा. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी संघराज्याच्या जंगलांत लाकूडतोड वाढवण्याचा आदेश काढला. त्यात वणव्याचा धोका हे एक कारण दिले होते. जूनमध्ये तिथल्या सिनेटमध्ये सार्वजनिक जमिनी विकण्याची तरतूद पुढे आली; पक्षभेद विसरून विरोध झाला तेव्हा ती मागे घ्यावी लागली. आधी रान लोकांपासून तोडायचे, ते बिघडले की बिघाडाचे कारण सांगून तोडायचे किंवा विकायचे. भांडवलशाहीला राखेतूनही नफा काढता येतो.

जळालेले रान कुणाच्या उपयोगाचे?

आपल्याकडे याच मार्गाचे दगड रोवले जात आहेत. वारंवार जळणारे रान विरळ होते आणि विरळ रान कागदोपत्री 'निकृष्ट' ठरते. २०२३ मध्ये केंद्राने हरित पतगुणांचा कार्यक्रम जाहीर केला आणि २०२४ मधील त्याच्या पद्धतीनुसार निकृष्ट वनजमिनीवर खाजगी कंपन्यांच्या पैशाने झाडे लावून त्यांना 'गुण' मिळण्याची सोय झाली. केशोरीच्या माणसाला जिथे गुरे चारायची, टेंभरे वेचायची, तिथे कंपनीच्या नावाची रोपे व कुंपण येण्याचा रस्ता यातून खुला होतो. भरपाई वनीकरणाचा निधी २०१६ च्या कायद्याने उभा राहिला. २०१९ मध्ये राज्यांना त्यातले ४७ हजार कोटींवर रुपये देण्यात आले. जंगल तोडण्याची किंमत म्हणून जमा झालेल्या या पैशावर ज्यांचे जंगल गेले त्या ग्रामसभांचा अधिकार या कायद्याने मान्य केला नाही.

२०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती पाहण्याची अट बाजूला सारली. २०२३ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या जमिनी व प्रकल्प कायद्याच्या कक्षेबाहेर काढले. गडचिरोलीत लोहखनिजाच्या प्रकल्पासाठी २०२५ मध्ये ९०० हेक्टरांहून अधिक वनजमीन वळवण्यास आणि एक लाखाहून अधिक झाडे तोडण्यास केंद्राची मंजुरी मिळाली. पाचोळा जाळणाऱ्या बाईला वनगुन्हा आणि लाख झाडे तोडणाऱ्याला मंजुरीपत्र! एकाच खात्याच्या दोन टेबलांवर हे दोन कागद तयार होतात.

विदर्भातील झुडपी जंगलाचा प्रश्नही यातलाच. गोंदियासह पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन आहे. गावांनी चराईसाठी, सरपणासाठी, घरांसाठी ती पिढ्यान्पिढ्या वापरली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच आहे असा निर्णय दिला. बिल्डरांच्या घशात ती जाऊ नये, हे योग्यच आहे. पण वन म्हणजे वनखात्याचे असा अर्थ लागला, तर गावाची उरलीसुरली मोकळी जमीनही परवान्याखाली जाईल. वन म्हणजे वनहक्क कायद्याखालील गावाचे वन, असा अर्थ लावून घेणे हे राजकीय काम आहे. ते न्यायालय करून देणार नाही.

गावाच्या ताब्यात रान

२००६ च्या वनहक्क कायद्याने प्रथमच सामूहिक वनसंपत्तीच्या संरक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेला दिला; निस्तार हक्कांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. गोंदिया जिल्ह्याला या कायद्याचे महत्त्व अधिक, कारण हा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. हद्दीपलीकडे गडचिरोलीच्या अनुसूचित भागात पेसा कायदा लागू आहे, अलीकडे नाही. रान एकच, माणसेही पुष्कळशी नात्यातली, पण कायद्याची रेघ मधून गेलेली. केशोरीच्या बाजूला उभे राहणाऱ्याच्या हातात वनहक्क कायदा हेच एक हत्यार आहे.

ते चालते काय? गडचिरोलीतील मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले. २०१३ पासून गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील कित्येक ग्रामसभांनी तेंदूपत्ता स्वतः विकायला सुरुवात केली. वणव्याच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे. तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले, कारण त्यासाठी झुडपे छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. उत्पन्नाचा एक मार्ग सोडून त्यांनी बांबूवर भर दिला. माधव गाडगीळ यांनी या निर्णयाची आवर्जून नोंद केली आहे. कुठल्याही सरकारी फलकाने हे साधले नव्हते. हिशेब बदलला म्हणून निर्णय बदलला. जळणाऱ्या रानाची हानी आणि जपलेल्या रानाचा लाभ दोन्ही एकाच दारात आले, तेव्हा लोकांनी तराजू हातात घेतला.

गाडगीळांचा त्याआधीचा अनुभवही इथे सांगण्याजोगा आहे. १९७० च्या दशकात कर्नाटक सरकारने त्यांना बांबूच्या ऱ्हासाचा अभ्यास करायला सांगितले. दोष गावकऱ्यांवर टाकला जात होता. पाहणीत निघाले ते वेगळेच : कागद गिरण्यांना बांबू दीड रुपये टनाने मिळत होता, आणि बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी जाळे साफ करण्याच्या 'शास्त्रीय' सूचनेमुळे कोवळे कोंब गुरांच्या तोंडी जात होते. हे काटे काढू नयेत हे गावकऱ्यांना ठाऊक होते, तज्ज्ञांना नव्हते. जी वस्तू मालकाला फुकटात मिळते तिची उधळपट्टी होते, हा बांबूचा धडा पाचोळ्यालाही लागू आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा, की ग्रामसभांच्या जंगलातही आगी लागतात. लागतात. कित्येक ग्रामसभांच्या हाती कागद आला, पण त्यांना पत्ता विकण्यासाठी त्याच ठेकेदाराकडे, त्याच एका हंगामाच्या कराराने आणि त्याच्याच आगाऊ रकमेवर अवलंबून राहावे लागते. मालकाचे नाव बदलले, व्यापाराची रीत तीच राहिली, तर आगही तीच राहील. यावर उपाय हक्क काढून घेणे हा नसून भांडवल, गोदाम आणि अनेक वर्षांचे करार गावाच्या बाजूने उभे करणे हा आहे.

दुसरा आक्षेप वन्यजीवप्रेमींचा : माणसे बाहेर काढल्याशिवाय वाघ वाचणार नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दावे फेटाळलेल्या लाखो कुटुंबांना वनजमिनीवरून काढण्याचा आदेश झाला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. समजा, ती मिळाली नसती आणि माणसे निघाली असती, तर आग पहिल्यांदा पाहणार कोण? विस्तीर्ण रानाचा पहारा एका वनरक्षकाच्या पायांवर सोपवून उपग्रहाच्या संदेशाची वाट पाहायची काय? नागझिऱ्यात जे तीन जण मेले ते वाघाच्या रानासाठीच मेले, आणि ते याच गावांतले श्रमिक होते.

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांचा असतो : तेंदूची मजुरी आणि बोनस यांसाठी मोर्चा निघतो, त्यात वणव्याचा विषय कशाला? कारण हे दोन विषय एकच आहेत. खुटकटाईची मजुरी न देता काडी लावली जाते तेव्हा ती मजुरीचीच चोरी असते. फरक एवढाच, की पुरावाही त्याच आगीत जळतो.

कार्यक्रम

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. ज्या युनिटमध्ये आग लागली तिथे ठेकेदाराची अनामत रक्कम जप्त होऊन ती ग्रामसभेला मिळावी आणि खुटकटाईची पूर्ण मजुरी दिल्याचा पुरावा ही प्रत्येक कराराची अट असावी. आग विझवणाऱ्या मजुराला हंगामी कामगाराचा दर्जा, विमा, पादत्राणे, पाणी, यंत्रे आणि प्रशिक्षण मिळावे. तो मेला तर त्याच्या कुटुंबाला कायम कर्मचाऱ्याच्या कुटुंबाइतकीच भरपाई मिळावी. भरपाई वनीकरणाच्या निधीतून आगप्रतिबंधाचा वाटा थेट ग्रामसभांना जावा. कुठे पाचोळा गोळा करायचा, कुठे जाळरेषा काढायची, कुठे फेब्रुवारीत थंड आग लावायची आणि कुठे अजिबात नाही, याचा आराखडा ग्रामसभेने करावा आणि खात्याच्या तज्ज्ञांनी तिला साहाय्य करावे. साऱ्या गावाला उपाशी ठेवणारी १९२७ च्या कायद्यातील हक्कस्थगितीची तरतूद रद्द व्हावी. झुडपी जंगलावरचे सामूहिक दावे गावोगाव दाखल व्हावेत.

मागण्यांनी भागत नाही, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. या वर्षीच्या हंगामानंतर केशोरीच्या परिसरातील प्रत्येक गावात जळालेल्या कक्षांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, आणि तिच्याशेजारी त्या कक्षांत कोणत्या ठेकेदाराचे युनिट होते, खुटकटाई झाली होती की नाही, किती मजुरी वाटली गेली, हेही वाचले जावे. माहिती अधिकाराचा एक अर्ज आणि शाळेच्या फळ्यावर काढलेला नकाशा एवढे साहित्य त्याला पुरेल. तीन वर्षे हा हिशेब सातत्याने ठेवला, तर दीडशे वर्षे न सापडलेल्या त्या अज्ञात इसमाचे नाव, गाव आणि बँकखाते पंचनाम्यात लिहिता येईल.